कळस आणि पायरी

पंढरपुरात वारीच्या दिवसांत गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे सर्वांच्याच नशिबी नसते. ज्याला ते जमत नाही तो कळसाकडे पाहून हात जोडतो आणि समाधानाने घराकडे वळतो. त्याचे दर्शन कमी प्रतीचे झाले, असे कोणी म्हणत नाही. त्याच देवळाच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे. भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवाने ही जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. सर्वांत उंच जागेला मान आणि सर्वांत खालच्या जागेलाही मान, अशी ही आपली रीत. दोन्हींना आपण एकाच श्वासात नमस्कार करतो.

नमस्कार करून झाल्यावर मात्र एक प्रश्न उरतो. समजा, कळसाला डोळे फुटले आणि पायरीलाही फुटले. दोघांनी आपापल्या जागेवरून वारी पाहिली. कळसाला सगळी वारी दिसेल. नदी, वाळवंट, दिंड्यांच्या रांगा, पताकांची दाटी, सारे एका दृष्टिक्षेपात येईल. पण एकाही वारकऱ्याचा चेहरा त्याला ओळखता येणार नाही. पायरीला चेहरे दिसतील, टाचांच्या भेगा दिसतील, कोणाच्या पायात काटा मोडला आहे हेही कळेल. पण वारी केवढी आहे हे तिला कधीच उमगणार नाही. मग वारी खरी पाहिली कोणी? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की ज्याला वरून पाहण्याची संधी मिळाली, तो खाली असलेल्यांचे काही देणे लागतो की नाही?

हा प्रश्न मला पडला तो देवळात नव्हे, एका जुन्या चित्रापाशी. शहर आपल्या शेजारचे आहे, गोवा. आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो ते. चित्र मात्र हॉलंडमध्ये छापलेले. त्यावर साल १५९५ आहे. यान ह्युखेन व्हान लिन्शोटेन नावाच्या डच गृहस्थाचे प्रवासवर्णन १५९६ साली ॲम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ते घातले होते. तांब्याच्या पत्र्यावर ते कोरण्याचे काम बाप्तिस्ता फान डूटेखम या कारागिराने केले. युरोपच्या कलेत ज्याला बरोक काळ म्हणतात त्याच्या अगदी उंबरठ्यावरचे हे काम. आणि पुढे शंभर वर्षे, तो काळ ऐन भरात असताना, युरोपातल्या पुस्तकांतून याच चित्राच्या नकला पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. तिकडच्या कित्येक पिढ्यांना गोवा म्हणून जे माहीत होते ते हेच.

चित्रात आपण जणू मांडवीच्या वर आकाशात तरंगत आहोत आणि खाली शहर पसरले आहे. पुढे नदी, नदीत जहाजे, काठावर गोदी आणि व्हाइसरॉयचा वाडा. त्यामागे घरांच्या रांगांमागून रांगा, रस्त्यांचे जाळे, चर्चचे मनोरे, मोकळी मैदाने, आणि कडेकडेने माडांची झाडी. अल्बुकर्कने १५१० साली हे शहर आदिलशहाकडून जिंकले तेव्हा ते तटाच्या आत मावत होते. चित्रातले शहर तट ओलांडून टेकड्यांवर सांडलेले आहे. घरे सारखी, छपरे सारखी, खिडक्या नीट ओळीत. रस्त्यांतून माणसेही आहेत, पण ती इतकी लहान, की एखाद्याने चिमूटभर मोहरी कागदावर टाकावी. पाहणाऱ्याला प्रथम जो आनंद होतो तो मालकीचा. एवढे मोठे शहर, आणि ते आपल्या तळहातावर!

असे चित्र कसे तयार होते हे जाणून घेण्यासारखे आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा लेप देतात. त्या लेपावर सुईने रेघा ओढतात. जिथे सुई फिरली तिथे लेप निघतो आणि तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात ठेवतात. तेजाब उघड्या तांब्याला खातो, लेपाखालच्या भागाला शिवत नाही. पुढे लेप पुसून, खळग्यांत शाई भरून, ओलसर कागद दाबून घेतला की चित्र उमटते, तेही उलटे. म्हणून कारागिराला सारे शहर डावीकडचे उजवीकडे करून काढावे लागते. डूटेखम घराण्याची ख्याती अशी होती, की तेजाबाने खाल्लेली त्यांची रेघ छिन्नीने कोरलेल्या रेघेसारखी करकरीत दिसे. आपल्याकडे राजे लोक ताम्रपटावर अक्षरे कोरून गावे इनाम देत. तिकडे ताम्रपटावर गावेच्या गावे कोरली जात होती.

पण यातली खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. १५९५ साली आकाशातून शहर पाहिलेला एकही माणूस जगात नव्हता. माणसाला घेऊन पहिला फुगा पॅरिसमध्ये उडाला तो १७८३ साली, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतर. मग हे शहर वरून कोणी पाहिले? उत्तर सरळ आहे: कोणीच नाही. ते खालून पाहिले गेले. कोणीतरी रस्त्यारस्त्याने चालले, वळणे मोजली, देवळापासून गोदीपर्यंत किती पावले हे लक्षात ठेवले, टेकडीवर चढून मनोऱ्यांच्या जागा ताडून पाहिल्या, आणि ही सगळी पायपीट कागदावर आणून मग कल्पनेने वर झेप घेतली. लिन्शोटेन स्वतः गोव्यात पाच वर्षे राहिला होता. १५८३ साली आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून तो तिथे आला; त्या शहराच्या चिखलात आणि पावसात तो वावरला होता. चित्रातली दृष्टी पक्ष्याची असली तरी तिची मजुरी पायांनी भरलेली आहे. मला या चित्राबद्दल आदर वाटतो तो याचसाठी.

आणि आदर वाटावा असे त्या पुस्तकात आणखीही आहे. त्याच पुस्तकात गोव्याचे दुसरे एक चित्र आहे. ते वरून काढलेले नाही. रस्त्यात उभे राहून पाहिल्यासारखे आहे. गोव्याच्या हमरस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे, त्याचे ते दृश्य. रविवार आणि सणवार सोडून रोज सात ते नऊ हा बाजार चाले, असे लिन्शोटेन लिहितो. तिथे घोडे विकत, कापड विकत, मेलेल्या माणसांचे घरसामान विकत, आणि माणसेही विकत. चित्रात घोड्यावर बसलेले साहेब आहेत, त्यांच्या डोक्यावर छत्री धरणारे नोकर आहेत, पालख्या आहेत. आणि गर्दीत विकायला आणलेले स्त्रीपुरुष आहेत. इथे माणसांना चेहरे आहेत.

ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. वरून काढलेल्या चित्रातही तोच हमरस्ता आहे. त्यावरही गर्दी दाखवली आहे. पण तिथे विकणारा कोण, विकत घेणारा कोण आणि विकला जाणारा कोण, हे समजायला काही साधन नाही. तिघेही मोहरीचे दाणे. वरून पाहण्यातला पहिला धोका हा असा आहे. उंचीवरून असत्य दिसते असे नाही. जे दिसते ते खरेच असते. मात्र न्याय आणि अन्याय यांचा आकार तिथून सारखाच दिसतो. तुरुंगाचे छप्पर आणि शाळेचे छप्पर वरून ओळखू येत नाही.

तुरुंगाचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय स्थापन झाले होते. चार्ल्स देलों नावाचा एक फ्रेंच वैद्य १६७४ साली त्याच्या कोठडीत पडला. दोन वर्षे तो तिथे होता. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने आपली हकीकत लिहिली. ती १६८७ साली प्रसिद्ध झाली आणि युरोपभर वाचली गेली. लिन्शोटेनच्या पुस्तकातला गोवा आणि देलोंच्या पुस्तकातला गोवा हे एकच शहर. पण देलोंचे शहर भिंतींचे आणि आवाजांचे आहे. ज्याला फक्त कोठडीची खिडकी मिळाली, त्याला कानांनी शहर पाहावे लागले: पहारेकऱ्याची पावले, शेजारच्या कोठडीतला आक्रोश, दूरची घंटा. त्याला शहराची लांबीरुंदी ठाऊक नव्हती. पण शहरात काय चालले आहे, हे त्याच्याइतके आकाशातून पाहणाऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आता वरच्या दृष्टीच्या दुसऱ्या धोक्याकडे वळू. लिन्शोटेन आर्चबिशपांच्या पदरी होता. त्यांचे मीठ त्याने खाल्ले होते. पोर्तुगीज लोक पूर्वेकडच्या सागरी मार्गांची माहिती फार जपत. लिन्शोटेनने ती जमवली, आपल्या देशी नेली आणि छापली. आर्चबिशप १५८७ साली पोर्तुगालला निघाले आणि वाटेतच वारले. धनी गेला, चाकर मोकळा झाला. १५९२ साली तो हॉलंडला परतला. सागरी मार्गांवरचा त्याच्या पुस्तकाचा भाग १५९५ साली आधीच बाहेर पडला आणि त्याच वर्षी डचांची पहिली गलबते पूर्वेकडे निघाली. १६०२ साली त्यांची कंपनी निघाली. १६३६ पासून पुढे काही वर्षे डचांच्या आरमाराने मांडवीच्या तोंडाशी ठाण मांडून गोव्याची कोंडी केली. ज्या नदीत चित्रकाराने जहाजे एवढ्या हौसेने काढली होती, तिच्याच मुखाशी शत्रूची जहाजे उभी राहिली.

लिन्शोटेनला हरामखोर म्हणावे का? मी म्हणणार नाही. ज्ञान लपवून ठेवणाऱ्यांनी ते स्वतःच्या पेटीसाठी लपवले होते. मानवतेच्या कल्याणासाठी नव्हे. आणि ज्यांना ते मिळाले त्यांनीही ते स्वतःच्या पेटीसाठीच वापरले. पण एवढे खरे, की शहराचे संपूर्ण चित्र ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. कोणाची तरी गल्ली, कोणाचे तरी अंगण, कोणाची तरी विहीर दुसऱ्याच्या हातात पडते. ज्याच्या हातात पडते त्याला वाटते, आपल्याला हे शहर समजले. समजणे आणि ताब्यात घेणे यांत एका पावलाचे अंतर असते, आणि वरून पाहणाऱ्याला ते पाऊल जाणवतही नाही. कारण पाऊल टाकायला लागते ती जमीनच त्याच्या पायाखाली नसते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग उंची वाईटच. सर्वांनी पायरीवर बसावे, म्हणजे झाले. मला तसे म्हणायचे नाही. पायरीच्या दृष्टीलाही तिचा आंधळेपणा असतो. माझ्या विहिरीचे पाणी आटले, एवढेच मला विहिरीच्या काठावरून कळते. शेजारच्या पन्नास गावांच्या विहिरी आटल्या आहेत, हे कळायला कोणीतरी वर चढून पाहावे लागते. माझ्या दुःखाला मी नशीब म्हणतो. तेच दुःख हजार घरांत आहे असे दिसले, की त्याला दुष्काळ म्हणतात, आणि नशिबाला इलाज नसला तरी दुष्काळाला असतो. साथीच्या रोगात एकेका घरात वैद्य लढतो. पण सगळे रोगी एकाच ओढ्याचे पाणी पितात हे ज्याने नकाशावर खुणा करून पाहिले, त्याच्यामुळे गाव वाचते. वरची दृष्टी नसती तर न्यायाची भाषाही जन्माला आली नसती. नुसती दया उरली असती, आणि दया समोर दिसेल त्याच्यापलीकडे जात नाही.

म्हणून प्रश्न कळस की पायरी असा नाही. कळसावर कोण चढले, आणि तो कुठून चढून आला, असा आहे. याला आपल्या मराठवाड्यातलेच एक उदाहरण आहे, आणि ते त्या गोव्याच्या चित्राच्या काळातलेच आहे.

ॲम्स्टरडॅममध्ये लिन्शोटेनचे पुस्तक छापले जात होते तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत एक हबशी सरदार हळूहळू वर येत होता. त्याचे नाव मलिक अंबर. त्याचा जन्म इथिओपियातला. लहानपणी तो विकला गेला; अरबस्तानच्या किनाऱ्यावर, मग बगदादला, असा हातोहात फिरत अखेर दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीच्या चंगेजखान नावाच्या पेशव्याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही पूर्वी गुलामच होता. मलिक अंबर गोव्याच्या बाजारात उभा राहिला नव्हता. पण बाजार इथून तिथून सारखाच. लिन्शोटेनच्या चित्रात जे स्त्रीपुरुष विकायला उभे आहेत, त्यांच्या जागेवरून जग कसे दिसते हे मलिक अंबरला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पुढे हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी गावी नवे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी हवे होते. मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांत जमिनीखाली मुरलेले पाणी हेरले आणि ते भूमिगत नहरीतून, केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर, शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती प्रसिद्ध आहे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. उतार तेवढा बरोबर साधायचा. कुठे किती खोल जायचे, कुठे हवेसाठी आणि सफाईसाठी वर तोंड ठेवायचे, याचा सगळा हिशेब आधी डोक्यात हवा. शेकडो वर्षे ते पाणी लोकांनी प्यायले.

हे काम वरच्या दृष्टीशिवाय होणे शक्य नव्हते. डोंगर, उतार, वस्ती, सारे एकाच वेळी मनःचक्षूंपुढे असल्याखेरीज असली नहर खोदता येत नाही. म्हणजे मलिक अंबरही खडकीचे शहर आकाशातून पाहत होता. परंतु त्याने वरून काय पाहिले? त्याने तहान पाहिली. छपरांखाली माणसे आहेत आणि त्यांना रोज सकाळी घागर भरायची आहे, हे तो उंचीवर जाऊनही विसरला नाही. त्याने जमिनीची प्रतवारी लावून महसुलाची घडी बसवली, त्याचीही कीर्ती दख्खनमध्ये पुढे बराच काळ टिकली. तो संत नव्हता. लढाया, कारस्थाने, कठोरपणा, सत्ताधाऱ्याला जे चुकत नाही ते त्यालाही चुकले नाही. १६२६ साली तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. पुढे १६८२ साली औरंगजेबाने या शहराला तट बांधला. लोक तटाचे दरवाजे पाहायला जातात. मला मात्र वाटते, की ज्या माणसाने त्या शहराच्या पोटातून पाणी फिरवले त्याने शहर अधिक खोल पाहिले.

मलिक अंबरचे नाव घेताना मनात आशा वाटते. पण आपल्या आजूबाजूला पाहिले की वरच्या दृष्टीची दुसरी तऱ्हाच अधिक आढळते. आमच्या दिंद्रुडपासून जवळच, माजलगावला, सिंदफणा नदीवर धरण आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले ते काम. त्या पाण्याने या भागात ऊस आला, बागा आल्या, पिण्याचे पाणी आले. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण धरण बांधण्यापूर्वी कागदावर एक रेघ ओढावी लागते. ह्या रेघेच्या आतले बुडेल, बाहेरचे राहील. कागदावर ती रेघ सुंदर दिसते, डोंगराच्या अंगाने वळणे घेत जाते. तिच्या आत ज्यांचा उंबरठा पडला, त्यांना आपल्या भाषेने नाव दिले: धरणग्रस्त. मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, वाडवडिलांच्या समाध्या, सारे त्या रेघेच्या आत. रेघ चुकीची होती असे मी म्हणत नाही. धरण हवे तर रेघ हवीच. माझा प्रश्न एवढाच, की रेघ ओढणाऱ्याने त्या रेघेवरून एकदा तरी चालून पाहिले होते का? पायांना ती रेघ किती लांब लागते, हे त्याला ठाऊक होते का?

आणि दुसरे उदाहरण तर दिवाळीच्या तोंडावर द्यायलाच हवे. आमचा जिल्हा ऊसतोड्यांचा जिल्हा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. मुकादम त्यांना उचल देतो आणि वहीत नाव मांडतो. त्या वहीत नवरा आणि बायको मिळून होतो एक 'कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम म्हणतो, "औंदा पंचवीस कोयते आणले." पन्नास माणसांचे पंचवीस कोयते झाले, बैलांच्या मागे बांधलेल्या झोळीतले पोर तर कोणत्याच हिशेबात नाही. पत्र्यावर तेजाब जसा उघडे तांबे तेवढे खातो आणि लेपाखालचे सोडून देतो, तसे हिशेबाच्या वहीचे असते. तिला जे लागते तेवढेच ती टिपते. ऊस तोडायला हात लागतात, म्हणून हात मोजले. चेहरा लागत नव्हता, म्हणून चेहरा मोजला नाही.

मुकादमाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या सगळ्यांच्या घरात अशी एखादी वही असतेच. घरात कामाला येणाऱ्या बाईला आपण 'धुणेभांडी' म्हणतो, दवाखान्यात रोगी 'सात नंबर' होतो, आणि आम्ही मास्तर लोक वर्गाकडे पाहून 'पट' किती ते सांगतो. पट म्हणजे पोरे, हे बोलताना आठवतेच असे नाही. संख्या लागतेच, तिच्यावाचून शाळा चालत नाही. पण संख्येचे छप्पर उचलून आत डोकावण्याची सवय ठेवली नाही, तर हळूहळू आत कोणी आहे यावरचा विश्वासच उडतो.

ही सवय मुलांत उपजत असते, असा माझा अनुभव आहे. नकाशाचा पाठ शिकवताना मी पोरांना नेहमी सांगतो, "आपले गाव वरून कसे दिसेल ते काढा. तुम्ही घार आहात असे समजा." पोरे मोठ्या हौसेने काढतात. शाळा, एस.टी.चा थांबा, देऊळ, रस्ता, ओढा. एका वर्षी एका मुलीने आपले घर काढले, छप्पर काढले, आणि छपरावरच चुलीपुढे भाकरी थापणारी आई काढली. मी विचारले, "अगं, वरून छप्पर दिसेल. आई कशी दिसेल?" ती म्हणाली, "दिसत नाई गुरुजी, पण हाय ना आत."

दिसत नाही, पण आहे. नीतिशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ ज्या जागी येऊन थांबतात ती जागा त्या मुलीला आधीच माहीत होती. चित्रकलेच्या दृष्टीने तिचे चित्र चुकलेलेच होते. पण वरून पाहणाऱ्या प्रत्येकाने, तो चित्रकार असो, इंजिनिअर असो, मंत्री असो की मास्तर असो, आपल्या कागदावर अशी एक चूक केली पाहिजे असे मला वाटते. छपराची रेघ ओढताना हात क्षणभर थांबला पाहिजे.

पूर्वी हे थांबणे आपोआप घडे. वरचे चित्र काढायला आधी खाली चालावे लागे; चालताना लोक भेटत, कोणी पाणी विचारी, कोणी हाकलून देई. आता उंची फुकट मिळते. खिशातल्या मोबाईलवर बोट फिरवले की उपग्रहाने टिपलेले आपले गाव समोर येते, आपल्या घराचा पत्रा दिसतो, शेताचा बांध दिसतो. पोरे आधी आपले घर शोधतात, मग मामाचे, मग मुंबई, मग अमेरिका. लिन्शोटेनच्या कारागिराने कितीतरी दिवस डोळे फोडून जे साधले त्याहून हजारपटींनी बिनचूक शहर एका बोटाच्या टोकावर आले. विज्ञानाची ही करामत थोर आहे, आणि तिचा उपयोग पूर-दुष्काळात माणसे वाचवायला होतो हेही खरे. पण तिच्यात पायपीट नाही. मजुरी न भरता मिळालेल्या वस्तूची किंमत माणसाला राहत नाही; वरच्या दृष्टीचेही तसेच होण्याचे भय आहे. उंची मिळाली म्हणजे अधिकार मिळाला, असे आपण समजू लागतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वरून पाहणे हे पाप नाही. ते कर्ज आहे. ज्याला सगळे शहर एका दृष्टीत दिसले, त्याने त्या शहरातल्या निदान एका गल्लीत उतरून चालले पाहिजे. ज्याने रेघ ओढली, त्याने ती पायांनी मोजली पाहिजे. ज्याने वही लिहिली, त्याने वहीतल्या निदान एका नावाला हाक मारून पाहिली पाहिजे. हे कर्ज फेडता येण्यासारखे आहे. मलिक अंबरने ते एका नहरीएवढे तरी फेडले. आणि ज्यांनी फेडले नाही त्यांचे काय होते, तेही गोव्याच्या चित्रातच पाहायला मिळते. ते वैभवाचे शहर रोगराईने आणि ओहोटीने ओस पडत गेले. १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. जुन्या गोव्यात आज काही भव्य चर्च उभी आहेत, आणि चित्रात जिथे घरांच्या दाट रांगा आहेत तिथे बऱ्याच ठिकाणी माड आणि गवत. चित्र मात्र जसेच्या तसे आहे. छपरे सारखी, खिडक्या ओळीत. आत कोण राहत होते, कोण रडले, कोण हसले, कोणी दिवा लावला, याचा त्या रेघांत मागमूस नाही. शहराचा आकार टिकला आणि शहर गेले.

यंदाच्या दिवाळीतही आपण गच्चीवर जाऊन गावाकडे पाहू. वरून पणत्यांच्या ओळी फार सुंदर दिसतात, आणि त्या पाहाव्यातही. वर्षातून चार दिवस तो आनंद घेण्याचा सर्वांना हक्क आहे. मध्येच कुठेतरी अंधाराचा एखादा तुकडा दिसेल. वरून पाहणाऱ्याला तो रोषणाईतली एक मोकळी जागा वाटेल. ते कोणाचे तरी घर असेल. माणसे फडावर गेली असतील, दाराला कुलूप असेल, आणि बहुधा आत एखादी म्हातारी राखणीला राहिली असेल. ती वरून दिसत नाही. फराळाचे ताट झाकून घेऊन तिच्या दारापर्यंत चालत गेले, तर मात्र दिसते.